घरच्याचं नाव पासवर्डला चालत नाही

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी अंगणात लाखोळीची डाळ वाळत घालत होतो. प्रज्ञा म्हणजे आमच्या संस्थेच्या कॉम्प्युटर विभागाची मुख्य. बल्लारपूरची पोरगी, बाप कोळशाच्या खाणीत होता. मी नोकरीत असताना ती नवीन लागली होती, आता सगळा विभाग तीच चालवते.

"काका, रागावू नका," ती म्हणाली. "एक काम आमच्याकडून राहून गेलं. काकूंचं खातं अजून चालूच आहे."

मी रागावलो. खातं म्हणजे बँकेचं नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरात प्रत्येक माणसाचं एक दार असते. आपलं नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, दार उघडते. माणूस नोकरी सोडून गेला, रिटायर झाला का मेला, त्याचं दार त्याच दिवशी बंद करायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. बेवारस दार चोराला बरोबर सापडते. माझी बायको वच्छला गेली त्याला पावसाळा झाला, हिवाळा झाला, आणि तिचं दार तसंच पडून.

"कोणाच्या बापाचं काम होतं हे?" मी म्हणालो.

"माझंच होतं, काका. बटणापर्यंत गेले दोनदा. मन झालं नाही."

मी लाखोळीवर आलेली कोंबडी हाकलली.

"आज करून टाकते," ती म्हणाली.

"आज नको. मी येतो. मी आल्यावर कर."

"तुम्ही काऊन त्रास घेता? एका मिनिटाचं काम आहे."

"येतो म्हटलं ना!"

काऊन जायचं होतं ते तिला फोनवर सांगितलं नाही, इथे सांगतो. त्या दाराचा शब्द मला पाहिजे होता. वच्छलानं शेवटी कोणता पासवर्ड ठेवला होता, एवढंच. दार बंद झालं की तो शब्दही गेला, मग तो कोणालाच सापडत नाही.

हा अंक काढणाऱ्या पोरांनी मला म्हटलं होतं, काका, तुमच्या नोकरीतल्या गोष्टी लिहा. मी सातवी नापास माणूस. लिहिता येते, पण सजवता येत नाही. त्यात नोकरी आठवायला बसलो की बायको बाजूला येऊन बसते, म्हणून नोकरीबरोबर तिचंही येईल. ज्याला नुसत्या गमती पाहिजेत त्यानं पान उलटावं.

मी संस्थेत वायरमन म्हणून लागलो. संस्थेचे दवाखाने चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत आहेत. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा अर्थिंग आणि इन्व्हर्टर मी बसवले. मग इंजिनियर लोकांना असा एक माणूस पाहिजे होता ज्याला रस्ते माहीत आहेत, ओझं उचलता येते आणि जंगलात गाडी पंक्चर झाली तर रडत बसत नाही. तो मी. त्यांच्यासंगं फिरता फिरता काम शिकलो. त्यांनी मन लावून शिकवलं, हेही लिहून ठेवतो.

गावात लोक विचारत, "तुळशीरामभाऊ, तू कॉम्प्युटर सुधरवतं का बे?" सुधरवणारे वेगळे. आमचं काम राखणीचं. मचाणावर बसून धान राखतात तसं. फरक एवढाच की रानडुक्कर आलं तर दिसते, आमचं डुक्कर दिसत नाही. शेत खाऊन गेल्यावर कळते.

राखण कशी करायची? एक म्हणजे पॅच. पॅच म्हणजे ठिगळ. प्रोग्राम कितीही चांगला शिवला तरी त्यात कुठे ना कुठे भोक निघते. ते चोराच्या आधी बनवणाऱ्याला सापडलं तर तो ठिगळ पाठवतो. चंद्रपुरात ठिगळं तारेतून आपोआप येत. भामरागडकडे नेट नसे, तिथे मी ती हार्डडिस्कच्या डबीत घालून मोटरसायकलवर नेत होतो. दुसरं म्हणजे बॅकअप. बॅकअप म्हणजे बियाणं. खायचे धान एका ठिकाणी आणि बियाण्याचे दुसऱ्या ठिकाणी. आग लागली, उंदीर लागले, तरी बियाणं वाचलं तर पुढच्या वर्षी शेत आहे. बियाणं खायच्या धानातच ठेवणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते अंकात छापता येणार नाही.

आणि तिसरं, माणूस. मशीन कधी मुद्दाम चूक करत नाही. माणूस प्रेमानं चूक करतो.

धानोऱ्याकडच्या एका दवाखान्यात गजानन नावाचा कंपाउंडर होता. एक दिवस त्याचा फोन आला, "भाऊ, सगळ्या फाईली दिसून राह्यल्या, पण उघडून नाई राह्यल्या." मी गेलो. नावं सगळी जागच्या जागी, आत काहीच नाही. वस्ती उठून गेलेल्या गावासारखं. विचारलं, "कोणाचा पेनड्राइव्ह लावला होता?"

"कोणाचा नाई जी. साळ्याच्या लग्नाचे गाणे होते फक्त. नवरदेव नाचला तेच गाणे."

"नवरदेवासंगं सगळं वऱ्हाड आलं ना बे, घरात घुसून बसलं!"

बियाणं वेगळं ठेवलं होतं म्हणून पेशंटची माहिती परत आली. पण मला राग आला. मी गावच्या हार्डवेअरमधून पाईपाची गळती बुजवायची सील आणली आणि कॉम्प्युटरची जेवढी भोकं दिसली तेवढी बुजवून टाकली, माऊसची तारही आत चिणून टाकली. आता लाव म्हटलं गाणे. महिनाभर बरं वाटलं. मग तिथला माऊस बिघडला. नवीन माऊस घेऊन प्रज्ञा स्वतः गेली, आणि तिथून तिनं मला फोन केला. "काका, माऊस कुठी लावू? माझ्या कपाळाले?"

तिनं मग दाखवलं की भोक न बुजवताही पेनड्राइव्ह बंद करता येतो, आतून हुकूम देऊन. ती सील मी खिळ्यानं कोरून काढत होतो आणि गजानन शेजारी उभा राहून म्हणत होता, "हळू जी भाऊ, मशीनले कान हाय."

आता वच्छलाचं.

आमच्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. आईबापाकडून पोरात येतो. गोळ्या रोज खाव्या लागतात. पोर जरा खेळताना दिसलं की घरचे गोळ्या बंद करतात, मग पोर दुखण्यानं लोळते. म्हणून संस्थेनं ठरवलं की सिंदेवाहीच्या केंद्रातून पेशंटला फोन करून आठवण द्यायची. आधी शिकलेल्या पोरी बसवल्या. त्या नीट बोलत, लोक "हो मॅडम, हो मॅडम" म्हणून फोन ठेवून देत. मग कोणीतरी म्हटलं, तुळशीरामभाऊच्या घरच्यांना गोंडी येते. वच्छलाचं माहेर गोंडांच्या शेजारात. लहानपणापासून त्यांच्यात खेळलेली, गोंडी तिला मराठीएवढीच यायची. शाळा माझ्यापेक्षाही कमी. पण फोनवर बसली की ऐकत राहावं. आधी विचारायची, मोहाची फुलं पडून राह्यली का, बकरी व्याली का, सासू कशी हाय. गोळीचं शेवटी.

"गोळी खाल्ली का आज?"

तिकडून, "खाल्ली जी बाई."

"कोणत्या रंगाची होती?"

तिकडे कोणाला तरी विचारल्याचा आवाज. मग, "पांढरी."

"गोळी पिवळी हाय बाप्पा. जा, आण, खा. मी फोन धरून बसते."

आणि धरून बसायची खरोखर. तिकडे डबा उघडल्याचा, पाणी पिल्याचा आवाज येईपर्यंत.

तिला कॉम्प्युटरही दिला होता. कोण गोळ्या घेतो, कोणाला दवाखान्यात बोलवायचं, ते त्यात भरायचं. एका बोटानं लिहायची, कोंबडी दाणे टिपते तशी. तिला पासवर्ड कसा ठेवायचा हे मी शिकवलं नाही, दुसऱ्या इंजिनियरनं शिकवलं. मी मुद्दाम तिच्या केंद्रावर जात नव्हतो. लोक म्हणतील, बायकोचं मशीन पहिलं करते.

त्याच काळात एक फोनवाला चोर निघाला होता. हिंदीत बोलायचा, हेड ऑफिसमधून बोलतो म्हणायचा, तुमचं मशीन बंद पडणार आहे, पासवर्ड द्या म्हणायचा. गंमत वाटते, पण जगातल्या निम्म्या चोऱ्या अशाच होतात. कुलूप तोडायला मेहनत लागते, चावी मागायला काय लागते? घुग्घुसकडच्या आमच्या एका केंद्रातल्या माणसानं देऊन टाकली. चोरानं आत शिरून सगळ्या फाईली कुलपात घातल्या. बियाण्यावरून परत उभं करताना आमच्या सगळ्या विभागाचा जीव निघाला.

मी त्या कामावरून घरी आलो. संध्याकाळ होती, जेवायला बसलो. वच्छला भाकर वाढता वाढता हसायला लागली.

"काऊन हसतं?" मी म्हटलं.

"तुमचा तो चोर मलेही भेटला जी. परवा."

माझा घास हातातच राहिला. "मग? देला का तू?"

"ऐका तर. म्हणते, मैडम, पासवर्ड बताइए. मी म्हटलं, मी नाव नाई घेत. तो म्हणते, किसका नाम? मी म्हटलं, घरच्यायचं. तो म्हणते, नाम नहीं, पासवर्ड बताइए. मी म्हटलं, तेच तर सांगून राह्यली, नाई घेत." तिला हसू आवरेना. "शेजारची पोरगी म्हणते, बाई, उखाण्यात घ्या. मी म्हटलं, उखाणा का फुकट घ्यावा लागते? साडी लागते, ओटी लागते. त्या माणसाले म्हटलं, साडी घेऊन ये, मग घेते. ठेवला त्यानं फोन."

मी हसलो नाही. आधी तर मला समजलंच नाही. मग समजलं.

आमच्याकडे जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही तिचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही, "अवं" म्हटलं की ती ओ द्यायची. इथे लिहावं लागते म्हणून लिहितो आहे. लग्नापासून तिच्या तोंडून माझं नाव एकदाच निघालं होतं, वरातीच्या दिवशी, दारात अडवलं तेव्हा, तेही डोकं खाली घालून.

"म्हणजे पासवर्ड माझं नाव हाय?" मी म्हटलं.

तिनं टोपल्यात पाहिलं. भाकर होती तरी नसल्यासारखं पाहत राहिली. "रोज सकाळी घेते," ती म्हणाली. "बोटानं. कोणाले ऐकू येत नाई."

दुसरा कोणी नवरा असता तर त्या दिवशी त्यानं काय केलं असतं मला माहीत नाही. मी राखणदार. मी म्हटलं, "उद्या बदल. घरच्याचं नाव पासवर्डला चालत नाही. चोर पहिलं तेच लिहून पाहते. एवढीशी अक्कल नाही का तुले?"

बरोबरच बोललो होतो. आजही कोणी विचारलं तर हेच सांगीन. नवऱ्याचं नाव, पोराचं नाव, गावाचं नाव, जन्मतारीख, यातलं काहीही ठेवू नका. पण बरोबर बोलणं आणि त्या वेळी बोलणं यात फरक असतो, तो मला बायको गेल्यावर समजला.

"मग कोणाचं टाकू?" ती म्हणाली.

"कोणाचंच नको. असा शब्द टाक जो दुनियेत कोणाले सुचणार नाही. आणि मलेही सांगू नको. पासवर्ड नवऱ्यालेही सांगायचा नसते."

तिनं बदलला. दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "टाकला. दुनियेत कोणाले सुचणार नाई असा टाकला." आणि तोंड असं केलं की बसा आता विचार करत. मी विचारलं नाही. मग तिला खेळच सापडला. भांडण झालं की म्हणायची, "सांगू का जी तो शब्द?" मी म्हणायचो, "सांगू नको." धान निंदताना, बाजारातून येताना, कधीही मधातच, "सांगू?" "नको म्हटलं ना!" मग हसायची.

मी रिटायर झालो, ती फोनवर बसतच राहिली. पेशंट तिच्याशिवाय दुसऱ्याशी बोलायला तयार नव्हते. मग ती आजारी पडली. छातीचं दुखणं होतं. चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवली. नाकात नळी, बोलायला दम लागायचा. दुपारी मी संत्र्याच्या फोडी सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "ऐकता का जी. तो शब्द सांगून देऊ का?"

एवढ्या वर्षांची सवय. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "नको. सांगायचा नसते."

ती हसली. "पक्के आहा तुम्ही," म्हणाली. फोड घेतली नाही. तिथून ती घरी आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, शब्दाचं एवढं काय? ऑफिसवाले पाहून सांगू शकत नाहीत का? नाही. आणि हे समजून घ्या, कामाला येईल. पासवर्ड ऑफिसजवळ नसतोच. तुम्ही शब्द लिहिला की मशीन तो कुटून त्याचे पोहे करते आणि पोहे ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा शब्द लिहिला की पुन्हा कुटते आणि पोह्याशी पोहे लावून पाहते. सारखे निघाले तर दार उघडते. धानाचे पोहे होतात, पोह्याचे धान होत नाही. म्हणून चोरानं सगळी कोठी उचलून नेली तरी त्याच्या हाती शब्द लवकर लागत नाही. फार हुशारीची रीत आहे. मी गावागावांत ही गोष्ट सांगत फिरलो, अभिमानानं सांगत फिरलो. आता माझ्या बायकोच्या शब्दाचे पोहे त्या मशीनमध्ये पडून होते, आणि धान तिच्यासंगं गेलं.

प्रज्ञाचा फोन आल्यावर सिंदेवाहीहून बस धरून गेलो. ऑफिसात नवीन पोरं होती, ती ओळखत नव्हती, प्रज्ञा उठून दारापर्यंत आली. तिनं मला तिच्याच खुर्चीवर बसवलं. पडद्यावर सगळ्यांची नावं, वच्छलाच्या नावापुढे हिरवा ठिपका. जिवंत माणसाला असतो तसा.

"काका, आत जायचं का?" प्रज्ञा म्हणाली. "जुना पासवर्ड काढून नवीन टाकते, दार उघडेल. एकदा पाहून घ्या."

"आत काय हाय? लोकांच्या घरचं दुखणं हाय. कोणाच्या पोराले काय झालं, ते. ते माझं नाही. आणि नवीन टाकला तर जुना गेला ना?"

"हो. जुन्याच्या जागी बसते तो."

"मग नको. मले आत जायचंच नाही." आणि मी तिला सांगितलं. काय पाहिजे होतं ते.

तिनं माऊसवरचा हात काढला. मग म्हणाली, "मलाही दिसत नाही, काका."

"माहीत हाय. पोहे."

"पण लिहून पाहता येते. चार-पाच वेळा चुकला तर दार आपोआप अडकते, आणि ते तर तसंही बंदच करायचं आहे." तिनं किबोर्ड माझ्याकडे सरकवला. "नियमात बसत नाही हे. मी चहा सांगून येते. मी काही पाहिलं नाही."

ती बाहेर गेली. मी बोटं ठेवली. मीही एका बोटानंच लिहितो, पण दोन्ही हात ठेवले. आमच्या पोरीचं नाव असेल. तिच्या माहेरच्या नदीचं असेल. एक काळी बकरी होती, तिला ती माणसासारखी हाक मारायची, ते नाव असेल. गोंडीतला एखादा शब्द असेल, मला न येणारा. का पुन्हा माझंच नाव असेल, उलटं लिहिलेलं, पाठीमागून, मला फसवायला? ती तशी होती.

पहिलं अक्षर दाबलं. पडद्यावर एक काळा ठिपका आला. आणि मग मला पुढचं दिसलं. समजा, उघडलं. तर मी तिला जे शिकवलं ते वाया गेलं, तिनं सुचण्यासारखा शब्द ठेवला, म्हणजे ती कच्ची निघाली. समजा, नाही उघडलं, चारही वेळा नाही. तर एवढा संसार करून मी तिला ओळखलंच नाही, असं मशीन मला तोंडावर सांगणार. कोणतंही झालं तरी मी तिला घेऊन घरी जाणार नव्हतो. आणि तिनं तर स्वतः होऊन हात पुढे केला होता, किती वेळा, दवाखान्यातही. तेव्हा मी घेतला नाही. आता ती नसताना चार-पाच अंदाजांनी तिच्या दारावर धक्के देणारा मी कोण? तो साडीवाला चोर बरा, त्यानं निदान तिला विचारलं तरी होतं.

मी तो एक ठिपका पुसला.

प्रज्ञा चहा घेऊन आली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "नाही लागला?"

"लिहिलाच नाही."

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. आम्ही चहा घेतला. मग तिनं माऊस धरला आणि वच्छलाच्या नावावर बाण नेला. "काका, मग करू बंद?"

"बंद नको म्हणू, पोरी."

ती थांबली.

"बाईची बांगडी फुटली तर फुटली म्हणत नाही आपण. कुंकू सरलं तर सरलं म्हणत नाही. दुकानदारही रातच्याले दुकान बंद करतो म्हणत नाही. तुझी आई काय म्हणते?"

ती पडद्याकडेच पाहत होती. ज्या बटणावर 'बंद करा' लिहिलं होतं त्यावर बाण नेऊन तिनं बोट दाबलं, ठिपका हिरव्याचा राखाडी झाला, आणि ती तोंडानं म्हणाली, "वाढवलं, काका."